एक फेब्रुवारीपासून लागू

सुरेखा ढवळेचा आयुष्यातला पहिला सत्कार ओंगारच्या कम्युनिटी सेंटरमध्ये, भाड्याने घेतलेल्या खोलीत, शनिवारी सकाळी साडेअकराला झाला. साडेबाराला तिथे लहान मुलांचा कराटेचा क्लास असायचा, त्यामुळे जरा घाईतच झाला. पण शाल होती, नारळ होता, आणि टाळ्या वाजवायला चौदा जणी होत्या. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी बाईला याहून जास्त काय लागतं?

सत्कार करणारा होता सारंग. 'स्नेहांगण होमकेअर' ही कंपनी त्याची. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, चहा-नाश्ता द्यायचा, गोळ्या द्यायच्या, चार शब्द बोलायचे, असं काम करणाऱ्या बायका त्याच्याकडे होत्या. त्यातली पहिली बाई सुरेखा. नवरा पद्माकर याची चेरीवूडची नोकरी आणि मुलगी तन्वीची शाळा यांच्यामध्ये परदेशात नऊ वर्षं घरात बसून काढल्यावर तिला कुणीतरी "ताई, तुम्ही कराल का?" असं विचारलं होतं, ते सारंगने. तेव्हापासून दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. चारचौघांत "सर" म्हणायची, घरी "सारंग, जेवून जा."

"आता नवा कायदा येतोय," सारंग त्या दिवशी सगळ्यांना सांगत होता. "आपल्यासारख्या कंपन्यांना लायसन्स लागणार. इन्स्पेक्टर येणार, फायली उघडून बघणार. म्हाताऱ्या माणसाला कुणी त्रास देत असेल, तर ते कुणाला कळवायचं, हे कागदावर हवं. त्यासाठी आपल्याकडे एक जबाबदार व्यक्ती हवी. सेफगार्डिंग ऑफिसर! आणि सुरेखाताईंपेक्षा जबाबदार माणूस मला तरी माहीत नाही."

टाळ्या झाल्या. सारंगने शाल घातली. नारळ ब्लँचर्ड्सटाउनच्या दुकानातला, शेंडी तासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला होता. त्यावर त्याने आठवणीने कुंकू लावलं होतं. सुरेखाचे डोळे भरून आले आणि तेवढ्यात टेबलावर कागद आले. सहा ठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या.

"वाचून घ्या हं, ताई," सारंग म्हणाला. म्हणताना पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलेलं होतं, आणि कुणीतरी "ताई, इकडे बघा, हसा!" म्हणून मोबाइल धरला होता.

आपल्या माणसाने पुढे केलेला कागद वाचत बसायचं म्हणजे वाढलेल्या ताटातलं आधी मीठ चाखून बघण्यासारखं. सुरेखाने सहाही ठिकाणी सह्या केल्या. शाल घसरत होती म्हणून एका हाताने शाल धरून.

घरी आल्यावर तन्वीने शालीकडे बघितलं, मग आईकडे.

"सो यू गॉट अ प्रमोशन?"

"हो. ऑफिसर."

"मोअर मनी?"

"पैशाचं काय लगेच? मान दिला त्याने."

"मग काय एक्स्ट्रा करायचं?" तन्वीला मराठी समजायचं सगळं, पण तोंडातून अर्धंमुर्धंच बाहेर यायचं.

"काही चुकलं, तर मी जबाबदार."

"आई," तन्वी टोस्टला लोणी लावत म्हणाली, "दॅट्स नॉट अ प्रमोशन. दॅट्स ब्लेम विथ अ ब्लँकेट."

"जा, अभ्यास कर," सुरेखा म्हणाली, आणि शाल घडी घालून किचनच्या प्रेसमध्ये ठेवली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि घरात दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

बुधवारी सकाळी ती ऑफिसात गेली. ऑफिस म्हणजे एका फार्मसीच्या वरची दीड खोली. सारंग बाहेर गेला होता. फायली लायसन्ससाठी नीट लावून ठेवायच्या, हे तिचं ऑफिसर म्हणून पहिलं काम. एका माणसाची एक फाइल, आत रंगीत कप्पे: हिरव्यात औषधं, निळ्यात रोजच्या नोंदी, लालमध्ये तक्रारी आणि घटना. बाईला स्वयंपाकघरातले डबे लावायची सवय असली की फायली लावणं जड जात नाही. अकरापर्यंत तिने बारा फायली संपवल्या. तेरावी निघाली ब्रीडा कॉनरनची.

ब्रीडाच्या फायलीवर तिचा हात जरा रेंगाळला. चौऱ्याऐंशी वर्षांची ब्रीडा क्लोन्सिलाला बैठ्या घरात राहायची. दोन वर्षं सुरेखा रोज सकाळी तिच्याकडे जायची. केस धुताना ब्रीडा डोळे मिटून घ्यायची आणि सुरेखाचं मनगट धरून ठेवायची, होडीतून पाय बाहेर टाकताना काठ धरावा तसं. "रेखा, लव्ह," म्हणायची. 'सु' तिला लागायचा नाही, किंवा लावावासा वाटायचा नाही. घरात तिच्याबरोबर तिचा भाचा राहायचा, डर्मट. दिसायला हसतमुख माणूस. पण त्याची गाडी दाराशी आली की ब्रीडा हात लांब करून रेडिओ बंद करायची. मग दोघी आवाज न करता काम उरकायच्या.

फेब्रुवारीत एकदा सुरेखाने तिचा ब्लाऊज उतरवला, तेव्हा उजव्या दंडावर बाहेरच्या बाजूने चार निळसर डाग होते आणि आतल्या बाजूने एक.

"दारावर आपटले गं," ब्रीडा तिच्या इंग्रजीत म्हणाली. "मी म्हणजे ना, अगदी येडीच."

दाराला अंगठा नसतो, हे सुरेखा बोलली नाही. बाहेर पडल्यावर बस-स्टॉपवरून तिने सारंगला फोन केला आणि सगळं सांगितलं. चार बोटं, एक अंगठा, रेडिओसुद्धा. "बरं झालं ताई, मला सांगितलंत," तो म्हणाला होता. "तुम्ही काही लिहू नका, उगाच गोंधळ होतो. मी बघतो." दोन आठवड्यांनी तिला दुसरी घरं मिळाली आणि ब्रीडाकडे दुसरी बाई जायला लागली. त्याने बघितलं असेल, असं धरून सुरेखा गप्प बसली होती. हे धरून बसणं तिला फार सोपं गेलं होतं, हे मात्र तिला आत्ता, फाइल उघडताना, पहिल्यांदा टोचलं.

लाल कप्प्यात वरच एक पत्र होतं. हॉस्पिटलचं, गेल्या आठवड्यातल्या मंगळवारचं. ब्रीडा कॉनरन मनगट मोडून दाखल आहेत. पडल्या असं घरचे सांगतात. याआधी तुमच्या लोकांना त्यांच्याबाबत काळजी करण्यासारखं काही आढळलं होतं का? कधी? ते कुणाला कळवलं? खाली वॉर्डच्या सोशल वर्करची सही: ओर्ला. आणि फोन नंबर.

मंगळवारी पत्र निघालं, शनिवारी शाल आली. सुरेखाने मनात दिवस मोजले, आणि मोजून झाल्यावरही ती ते मोजतच राहिली.

पत्रामागे नोंदवहीचं पान होतं, टाइप केलेलं. 'एकोणीस फेब्रुवारी. केअररला दंडावर खूण आढळली. केअररने सेफगार्डिंग ऑफिसरला तोंडी कळवले. पुढील कार्यवाही ऑफिसरकडे.'

त्यामागे नेमणुकीचं पत्र. सुरेखा ढवळे, सेफगार्डिंग ऑफिसर. नेमणूक एक फेब्रुवारीपासून लागू. खाली तिची सही, जरा वाकडी, शाल धरून केलेली.

तिने पान पुन्हा वाचलं. केअरर, म्हणजे घरी जाणारी बाई, कोण? सुरेखा. ऑफिसर कोण? सुरेखा. म्हणजे कागदावर असं होतं की फेब्रुवारीत बस-स्टॉपवर उभी राहून सुरेखाने सुरेखाला फोन केला, आणि सुरेखाने पुढे काही केलं नाही. तिला क्षणभर हसूच आलं. मग तिने पान उलटलं. मागे अजून एक कागद होता.

हॉस्पिटलला पाठवलेलं उत्तर होतं ते. कंपनीच्या कागदावर, तिच्या नावाने. 'मी स्वतः घरी जाऊन खात्री केली. खूण पडल्यामुळे झाली होती. भाचा प्रेमाने काळजी घेतो. त्यांना घरी सोडण्यास आमची हरकत नाही.' खाली तिची सही. सहावी पिवळी चिठ्ठी याच कागदावर लावलेली होती. वर शिक्का: सोमवारी रवाना.

खालच्या फार्मसीचं दार उघडलं की वर घंटी ऐकू यायची. ती दोनदा वाजली. सुरेखा त्याच कागदाकडे बघत होती. ब्रीडा पुन्हा त्या घरात जाणार होती, आणि दार उघडून देणारी तिची सही होती.

सारंग पावणेबाराला आला. तिच्या मांडीवर कुठली फाइल आहे, हे त्याने दारातूनच बघितलं, आणि काही न बोलता किटली लावली. आलं किसून घातलं. त्याच्या हातचा चहा चांगला व्हायचा, हे खरं.

"घ्या, ताई."

"सारंग, हे काय आहे?"

"कागद आहेत." तो समोर बसला. "कागदासारखे कागद. इन्स्पेक्टर आला की त्याला तारखा दिसायला लागतात. फेब्रुवारीत आपल्याकडे ऑफिसरच नव्हता असं दिसलं, तर लायसन्सचा अर्ज तिथेच बोंबलला. म्हणून जरा मागची तारीख घातली. सगळेच घालतात."

"मी तुला सांगितलं होतं. तुला. बस-स्टॉपवरून."

"हो ना. आणि तेव्हा मी म्हटलं, मी बघतो."

"काय बघितलंस?"

त्याने चहाचा घोट घेतला. "डर्मटशी बोललो. भला माणूस आहे. म्हातारीला सांभाळून तोही थकतो. ताई, घराघरात असतं हे. आपल्याकडे नसतं का? कुणी पोलीस बोलावतं?"

"हात मोडला तिचा."

"पडली ती."

"तिचे डाग तू बघितले नाहीस. मी बघितलेत. आणि मी तिच्या घरी जाऊन खात्री केली, असं माझ्या नावाने लिहिलंयस. मी कधी गेले?"

"रोजच जात होतात की त्या महिन्यात." तो इतक्या शांतपणे म्हणाला की तिला आधी ते पटलंच. पटलं याचीच भीती वाटली. "ताई, मी कधी तुम्हाला उघड्यावर टाकलंय? कुणी विचारणार नाही. झालंच काही, तर मी आहे ना."

"तू कुठे आहेस? यात तुझं नावच नाही."

सारंग हसला. भाऊबीजेला ताटात काय घालावं हे न सुचल्यावर हसायचा, तसंच, लाजरं. "तुमचा फोन आला होता, हे दिसेल माझ्या फोनवर. पण काय बोललात ते कुठे दिसणार? तुम्ही सुट्टी मागायला केला होतात, असं मला आठवतंय."

सुरेखाने फाइल मिटून टेबलावर ठेवली.

"शनिवारी चौदा जणींनी ऐकलंय," ती म्हणाली. "ऑफिसर मी शनिवारी झाले, फेब्रुवारीत नाही."

"विचारा त्यांना," तो लगेच म्हणाला. त्याने याचाही विचार केलेला होता. "विचारून बघा, जरूर. त्यातल्या सहा जणींचं इथे काम करायचं परमिट पुढच्या महिन्यात रिन्यू करायचंय. सगळ्यांचे अर्ज माझ्याकडेच आहेत. बिचाऱ्यांना कशाला त्रास? ताई, चहा निवला तुमचा."

तिने चहा घेतला नाही. पर्स उचलली. जिन्याशी पोचल्यावर मागून त्याचा आवाज आला, तसाच मऊ. "तुम्ही फोन केलात, तर सांगणार काय त्यांना? खोटी सही केली? कुणी? तुम्ही. जरा विचार करा. तन्वीचं कॉलेज आलंय."

बाहेर वारा होता. सुरेखा चालत चालत कॅनालपर्यंत गेली आणि बाकावर बसली. तिने खरंच विचार केला. तो म्हणत होता ते सगळं बरोबर होतं, हीच मोठी पंचाईत. ती गप्प राहिली, तर कुणालाच काही कळणार नव्हतं. ती बोलली, तर पहिली खोटारडी ती स्वतःच ठरणार होती. आणि सारंगला तरी ती वाईट कसं म्हणणार होती? फेब्रुवारीत "मी बघतो" हे ऐकून हायसं कुणाला वाटलं होतं? त्यानंतर सात महिन्यांत तिने एकदाही विचारलं नव्हतं, की काय बघितलंस म्हणून. हॉटेलातल्या बिलासारखं ते तिने त्याच्या हातात जाऊ दिलं होतं, आणि वर आभारही मानले होते.

पाण्यात एक बदक शेपटी वर करून बुडलं आणि बराच वेळ वर आलं नाही. आलं, तेव्हा तिने ओर्लाचा नंबर लावला. सारंग यायच्या आधीच तो तिने हातावर लिहून घेतला होता. कागद पळवायची हिंमत झाली नव्हती.

"ओर्ला बोलतेय."

"मी सुरेखा ढवळे. स्नेहांगणमधून. ब्रीडा कॉनरनबद्दल."

"अहो, बरं झालं," ओर्लाचा आवाज एकदम मोकळा झाला. "तुमचं पत्र मिळालं. फार उपयोग झाला त्याचा. त्यामुळेच तर आज सोडतोय तिला."

"आज?"

"भाचा न्यायला आलाय. कोट घालतोय तिला आत्ता."

सुरेखा उभी राहिली. इंग्रजी शब्द एरवी तिला शोधावे लागायचे. आत्ता ते असे आले की जणू सात महिने दाराशीच उभे होते. "सोडू नका. त्या पत्रातलं खरं नाही. मी खात्री केली नव्हती. तिच्या दंडावर मी बोटं बघितली होती. चार इकडे, अंगठा तिकडे."

ओर्ला सावकाश म्हणाली, "पण हे पत्र तुमचं आहे ना? सही तुमची आहे?"

"सही माझी आहे. मजकूर माझा नाही. मी न वाचता सही केली."

"हे मला लिहावं लागेल, सुरेखा. तुम्हाला कळतंय ना? तुमच्याबद्दलही लिहावं लागेल. चौकशी होईल, आणि ती तुमच्यापासून सुरू होईल."

"लिहा. पण आधी तिचा कोट काढा."

"लाइनवर थांबा."

तिने फोन कानाला घट्ट धरला. वॉर्डातले आवाज येत होते, ढकलगाडीची चाकं, कुणाचं तरी खोकणं. लांबून एका पुरुषाचं हसणं आलं, मनमोकळं, ओळखीचं. मग ते हसणं थांबलं. "व्हॉट डू यू मीन, नॉट टुडे?" मग बोलणं इतकं हळू झालं की काहीच कळेना. सुरेखाला वाटलं, त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं.

पाच-सहा मिनिटांनी ओर्ला परत आली. तिला जरा दम लागला होता.

"आज नाही जात ती. शुक्रवारी दहा वाजता मीटिंग ठेवतेय. भाचा असेल. कंपनीकडून तुम्ही असाल. आत्ताच तुमच्या सरांना फोन लावला होता, ते म्हणाले, या विषयाचं सगळं सुरेखाच बघते, तीच येईल, आम्ही कुणी येणार नाही."

"बरं."

"भाच्याने विचारलं, कुणाचा फोन होता. मी सांगितलं नाही. पण शुक्रवारी तो तुमच्या समोरच बसेल. तुमच्याबरोबर कुणी येईल का?"

सुरेखाने आठवून बघितलं. पद्माकरला आधी सगळं सांगावं लागणार होतं, आणि तो आधी विचारणार होता, की सही केलीसच का. "मी येईन," ती म्हणाली. "एक करा. ब्रीडाला विचारा, तिला कुठे जायचंय. तो खोलीत नसताना विचारा. तो असला, तर ती 'दारावर आपटले' एवढंच सांगेल."

टाइप केल्याचा आवाज आला. "दोनदा विचारलं तिला," ओर्ला म्हणाली. "दोन्ही वेळा तो होता." आणि पुन्हा टाइप करायला लागली.

फोन ठेवल्यावर सुरेखाला दिसलं की कंपनीच्या ॲपवर काहीतरी लाल चमकतंय. तिच्या भेटींचं वेळापत्रक. आज चार वाजताची भेट होती, ती गेली. बघता बघता साडेपाचची गेली. मग उद्याची सकाळ, उद्याची दुपार. कुणीतरी एकेका ओळीवर बोट ठेवून सावकाश पुसत होतं, घाई न करता. ती फोन हातात धरून बघत राहिली. चार वाजताचे म्हातारे मिस्टर टियर्नी गोळी पाण्याबरोबर घेत नाहीत. दह्यात कालवून द्यावी लागते, आणि दही फ्रिजमधलं चालत नाही. हे नव्या बाईला कोण सांगणार, हाच एक विचार तिच्या डोक्यात होता. तिने ते सांगायला कंपनीतल्या बायकांच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. दोन शब्द लिहून झाले, तोवर ग्रुपही तिच्या फोनवरून निघून गेला होता.